साक्ष पाठवली, आता तू ये

प्रिय ऋता,

तुझा फोन झाल्यापासून मी वैतागलेय, आणि हे पत्रही वैतागातच लिहितेय, तेव्हा गोड मानून घे. एका फोनमध्ये तू दोन कामं सांगितलीस. पहिलं, तिकडे परदेशात तुमच्या राज्याच्या विधिमंडळाच्या समितीपुढे वाचायला मी आपल्या कॉलेजातली माझी हकीकत लिहून द्यायची. दुसरं, मी इथल्या मेडिकल कॉलेजात समान संधी कक्षाची प्रमुख आहे, तर तुझ्या लेकाविरुद्ध, निमिषविरुद्ध, आलेली तक्रार 'जरा बघायची'. अगं बाई, दोन्ही एका दमात! मध्ये श्वास तरी घ्यायचास.

आधी तुझं. तुमच्याकडे कायदा झाला, मेडिकल कॉलेजात विविधता, समता या नावाखाली काहीही चालवायचं नाही, आणि तुझं ऑफिस बंद पडलं. काय मरमर करून उभं केलं होतंस ते! घरातली पहिलीच शिकणारी पोरं शरीररचनेत अडखळली की तुझ्याकडे धावायची. आता त्यांनी कुणाकडे जायचं, तर म्हणे 'सर्वांसाठी खुल्या' विभागात, जिथे एकच बाई बसते आणि तिचा फोन लागत नाही. दारावरची पाटी तुलाच उतरवायला लावली. फायलींमधून नको ते शब्द खोडताना तुम्ही 'स्त्रिया' या शब्दालाही घाबरलात, हे ऐकून मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की हातातला चहा तसाच राहिला. पेशंट सगळ्या प्रकारचे येणार, हे या लोकांना कुणी सांगितलंच नाही का? स्त्रीरोग विभागाला आता काय म्हणणार आहेत, देव जाणे.

पण इथे फार काही वेगळं आहे असं समजू नकोस. आमच्याकडे कक्ष असायलाच लागतो, म्हणून आहे. जिन्याखाली, झेरॉक्स मशीनला चिकटून. मीटिंग लागते, चहा-बिस्किटं येतात, सह्या होतात, सगळे उठतात. मी काही बोलले की डीन म्हणतात, मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता. लावून घेते तर घेते! मी काळेवाडीची, कंपनीतल्या फिटरची पोरगी आहे, हे मी काय कपाटात ठेवून कामाला येऊ?

आपल्या वेळी 'बारावीला किती?' असं विचारायचे, आठवतंय ना? मार्क कुणाला हवे होते! त्यावरून माझी सीट राखीव आहे हे कळलं की मेसच्या टेबलावरून एकेक ताट उठायचं. तेव्हा तू, निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यातली, मधुसूदनकाकांची लाडकी लेक, आपलं ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसलीस आणि सीनियर मुलींना म्हणालीस, माझे सांगते, मग तुम्ही आपापले सांगा. पुढची सहामाही तुझ्याशीही कुणी धड बोललं नाही, आणि तू त्याचा एकदाही उच्चार केला नाहीस. म्हणून तर तुझ्यावर इतकं चिडता येतं मला. परक्या माणसावर कोण एवढी चिडेल?

आता निमिष. त्याला एनआरआय कोट्यातून प्रवेश मिळाला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पोरगा गोड आहे, रविवारी मोशीला माझ्याकडे येतो, मटण-भाकरी चापतो, मावशी मावशी करतो. पण यंदा त्यानं आणि त्याच्या मित्रांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना ओळीनं उभं करून 'रँक किती?' विचारलं. ग्रुपवर यादी टाकली, नावापुढे प्रवर्गाप्रमाणे रंगीत टिकल्या. यशोधरा म्हणून मुलगी आहे, वडील चाकणला कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये कामाला. तिच्या पाठीवर, अ‍ॅप्रनला, निळी टिकली चिकटवली. ती तशीच दिवसभर कॉलेजात फिरली. तेव्हापासून ती डिसेक्शन हॉलमध्ये पाऊल टाकत नाही. परवा तिचे वडील हात जोडून विचारत होते, मॅडम, पोरीला घरी न्यावं का? इतक्या कष्टानं मिळवलेली सीट, ऋता! ती मुलगी आता घरी गेली तर परत येणार नाही, हे मला नक्की माहीत आहे.

आणि तुझ्या लेकाचा रँक? तिच्या कितीतरी लाख खाली. त्याला कुणी विचारला नाही, परदेशातला ना तो! मी त्याला बोलावून झापलं, तर डोळे मोठे करून म्हणाला, मावशी, सगळेच विचारतात, इथली पद्धत आहे असं सीनियर म्हणाले. रंगांचा अर्थ काय, हेही त्याला मित्रांनी 'गंमत' म्हणून सांगितलं होतं. मला त्याचं खरं वाटलं, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. जगाच्या पोरांना तू वर्षानुवर्षं हेच शिकवलंस, आणि घरातल्या पोराला एक शब्द सांगितला नाहीस? कमाल आहे तुझी!

तर आता ऐक. तुझ्यासाठीची माझी साक्ष सकाळीच मेल केलीय, सगळं नावानिशी. तिला कसलीही अट नाही, ती मी तुझ्याकडे धावत येणाऱ्या त्या पोरांसाठी लिहिलीय. निमिष मला मावशी म्हणतो, म्हणून या चौकशीपुरतं मी प्रमुखपद सोडलंय. तेव्हा 'बघायला' माझ्या हातात काही उरलेलं नाही, आणि असतं तरी बघितलं नसतं. सोमवारी चौकशी आहे, दोन्हीकडचे पालक बोलावलेत. तुझ्याकडून मधुसूदनकाका यायला निघालेत, या वयात, इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय त्यांनी. त्यांना पाठवू नकोस. फोनवर तू रडली असतीस आणि मी विरघळले असते, म्हणून हे कागदावर, त्याचा फोटो काढून आत्ताच पाठवतेय. विमानानं ये, नाहीतर कॉम्प्युटरच्या पडद्यावर ये, पण तूच ये. जे त्या विधिमंडळाला सांगायला निघाली आहेस, ते आधी यशोधराच्या देखत निमिषला सांग. तिच्या वडिलांनी शिफ्ट सोडलीय, एका दिवसाचा खाडा करून येतायत. तुला यायला काय झालं?

चिडलेली, तरी तुझीच,
कस्तुरा