गुहेत पाय टेकतात

३ नोव्हेंबर
इद्दत संपली. आमचे हे, खलफान, गेल्यापासून चार महिने दहा दिवस शोक पाळत घरात. शमसा म्हणाली, "आई, आता मस्कतला चल माझ्याकडे, जरा मन रमेल." म्हटलं, मस्कत नको. मला वादीच्या, त्या डोंगरातल्या नदीच्या घळीच्या, टोकाची गुहा बघायचीय. पोरगी बघतच राहिली.

तीस वर्षं, दर हिवाळ्यात खलफान भावांबरोबर तिथे जायचे. परत आले की मी कहवा ओतायची आणि म्हणायची, हं, सांगा. कपडे कोरडे ठणठणीत — वादीतलं ऊनच तसं, म्हणायचे. मग सुरू. हिरवा उजेड. डावीकडून पडणारं पाणी. गाठी मारलेला दोर. फटीतून मान तिरकी करून घुसावं लागतं. आत मात्र धबधब्याखाली पाय टेकतात, निवांत उभं राहता येतं.

सगळं मला पाठ आहे. आता एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं — गुडघे आहेत तोवर.

४ नोव्हेंबर
मला पोहता येत नाही, हे शमसाला आज सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

१२ नोव्हेंबर
खजुराच्या बागेतल्या हौदात शिकतेय. काखेत पाण्याचा रिकामा कॅन, नाकात पाणी. जाऊबाई हसून हसून लोळल्या. "या वयात बेडूक व्हायचंय हिला!" हसू देत.

१९ नोव्हेंबर
जाऊन आले.

उजाडताच निघालो, शमसा आणि मी. बघे यायच्या आत. दीड तास दगडगोट्यांतून चाल. गुडघा कुरकुरला, पण चालला. मग पाणी — एकामागोमाग तीन डोह. अंगभर कपडे, भिजून जड झालेले, खाली ओढत होते. गारठा असा की तोंडातून दुआसुद्धा तुटक निघाली. फट आली. मान तिरकी केली. आत गेले.

हिरवा उजेड. दोर, गाठींसकट. डावीकडून पाणी. जसंच्या तसं! मला रडूच आलं.

शमसा ओरडत होती, "आई, कॅन सोडू नकोस, खोल आहे." मनात म्हटलं, हिला काय कळतंय? दोनदा आली असेल इथे. हिचे बाबा तीस वर्षं येत होते. सोडला कॅन.

तळ नाहीच. पाय खाली जातच राहिले. शमसाने वेणी धरून वर ओढलं. दोराला लोंबकळत खोकत राहिले. पोरगी ओरडली, "बाबांनी सांगितलं म्हणून जीव देशील?"

 शिदोरीतले खजूर तसेच घरी आले.

२० नोव्हेंबर
राग जात नाही. बाकी सगळं खरं सांगितलं, मग हेच का खोटं? मेले असते मी. गेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

२१ नोव्हेंबर
धाकटे दीर, हुमैदभावोजी, हलवा घेऊन आले. त्यांनाच जाब विचारला. हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, दादा कधी आत गेलाच नाही. पोहता कुठे येत होतं त्याला? काठावर आमच्या चपला राखत बसायचा. आम्ही बाहेर आलो की एकेकाला धरायचा — काय काय बघितलंत, नीट सांगा, झुवैनाला सांगायचंय. आणि शेवटी दरवेळी तेच : आत पाय टेकतात का रे? आम्ही हो म्हणायचो. वाटायचं, निदान त्या भरवशावर तरी एकदा आत येईल."