चालू बॅच संपेपर्यंत

२३ जून, सोमवार
पत्र आलं, खराडीच्या कंपनीचं. प्रोग्रामर! १५ जुलैला रुजू व्हायचं. येताना पदवीचं मूळ प्रमाणपत्र, झेरॉक्स चालणार नाही. मूळ प्रत मी शिकवते त्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांच्या लोखंडी कपाटात, दीड वर्षं. अब्बांनी पत्र दोनदा वाचलं. उद्या फॅक्टरीत नेऊन दाखवणार.

२४ जून
सरांना विचारलं.
"शेख मॅडम, अडवतंय कोण? चालू बॅच संपली की घेऊन जा. तुमच्याच हातचा कागद आहे."
आहे. क्लासला शिकवायला लागताना ते सांगत गेले, मी लिहीत गेले : चालू बॅच संपेपर्यंत मूळ प्रमाणपत्र क्लासकडे राहील. तेव्हा पटलंही होतं. शिकणाऱ्यांना मध्येच सोडू नये.
ही बॅच १२ जुलैला संपते. जमतं.

२६ जून
सर म्हणतात, व्याख्या इंग्रजीतून पाठ करून घ्या. मी नाही घेत. पाठ झालं म्हणजे कळलं नव्हे.
आज आयपी अ‍ॅड्रेस आणि पोर्ट. आयपी म्हणजे इमारतीचा पत्ता, पोर्ट म्हणजे आतल्या खिडकीचा नंबर. वेबसाइट ८० नंबरच्या खिडकीत, मेल पाठवायची २५.
पाठक काका (रिटायर्ड हेडक्लार्क, शेवटचा बाक) : "पत्ता बरोबर, खिडकी चुकली की दुपार गेली. अहो, हे आम्ही कॉम्प्युटरच्या आधीपासून चालवलंय."
मग पॅकेट. मोठ्या पत्राचे नंबर घातलेले तुकडे, वेगवेगळ्या वाटेने जातात, पोचल्यावर जुळतात. एक हरवला तर तेवढाच परत मागवायचा.
अशा दिवशी वाटतं, हेच करावं जन्मभर. मग कपाट दिसतं.

१ जुलै
लूप. फळ्यावर लिहिलं : पोळ्या = ०. जोपर्यंत पोळ्या दहापेक्षा कमी, तोपर्यंत लाट. 'पोळ्या' हा व्हेरिएबल, म्हणजे नाव चिकटवलेला डबा, आतला आकडा बदलतो.
पा. काका वहीत एकेक फेरी मांडत बसले. "मॅडम, डब्यात शून्यच. तुमची बाई जन्मभर लाटत बसणार."
खरंच. दर फेरीला एक मिळवायची ओळच विसरले होते. अट कधी खोटी ठरलीच नाही तर लूप थांबत नाही, हे त्याच चुकीवरून शिकवलं. मी खूश होते.
निघताना दारावर नवा कागद : नवीन बॅच ७ जुलैपासून. शिक्षिका, शेख मॅडम.
१२ ला ही संपेल तेव्हा ती चालू असेल. बसमध्ये दीड वर्षाच्या बॅचेस आठवल्या. मधे मोकळा एक दिवस नाही. अट मीच लिहिली, सुवाच्य अक्षरात.

२ जुलै
"सर, चालू बॅच म्हणजे कोणती?"
"जी चालू असेल ती."
चहा पीत होते. बशी खाली ठेवली नाही.
पा. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "कपाटाशी कशाला भांडता? सोमवारी वर्गात उभ्याच राहू नका. सुरूच झाली नाही तर चालू कुठली?"
इतकं सोपं. रात्री खूप दिवसांनी झोप...

५ जुलै, शनिवार
सांगितलं. सोमवारची बॅच घेणार नाही.
सर चिडले नाहीत. "बरं. यादी तरी बघून ठेवा." त्याचीच भीती वाटली.
यादी पर्समध्ये टाकली. वाचली नाही. नावं वाचली की माणसं होतात.

६ जुलै, रविवार
अम्मीने नवी वही आणली, दोनशे पानी.
यादी काढली. चौदावं नाव तिचं.
सरांचा फोन आला होता म्हणे, मी क्लासवर असताना. स्टाफच्या आईला फी नाही. अम्मीची शाळा सातवीत सुटली. बाकी कुठे कोणाच्या हाताखाली शिकायला ती गेली नसती. "तू सिखाती, तो मैं सीखती."
तिला पंधरा तारीख माहीत आहे. कपाटाचं माहीत नाही. "आठ दिन तो सिखा," म्हणते.
म्हटलं, घरीच शिकवते. तोंड एवढंसं झालं. "घर में नहीं. बेंच पे बैठना है."
आत्ता वहीला खाकी कव्हर घालून झालं. नाव मराठीत घालू की इंग्रजीत, विचारते आहे. दुसऱ्यांदा विचारलं.