गुरुवारची फेरी

माय, आज गुरुवार आहे आणि तुझा धाकटा जंगलात गेला आहे. सकाळी चहा पिऊन, पार्सलं बांधून, माझ्याकडे न बघता निघून गेला. बघितलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. मी बोलले की तो हसतो आणि तो हसला की मला जास्तच भीती वाटते, म्हणून हल्ली आम्ही दोघांनी ते बंदच केलं आहे. मी दुकानाच्या ओट्यावर बसून तुला लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की माझेच केस पांढरे झाले. तरी घाबरलं की माणूस आईलाच हाक मारतं, त्याला वयाची अट नाही.

आधी हे सांगते की मी पोट कशावर भरते. लोक आता मोबाईलवर बघून वस्तू मागवतात. साडी, चप्पल, मिक्सरचं भांडं, काय वाट्टेल ते. नागपूरहून कंपनीची गाडी पहाटे खोकी टाकून जाते आणि आम्ही ती गावोगावी पोचवतो. म्हणजे तुझाच धंदा, फक्त ह्याला मासळीचा वास येत नाही. सुरुवातीला एकच पेट्रोलची मोटरसायकल होती. साडी खोचून मीच ती चालवायची आणि सिंदेवाहीच्या रस्त्यावर लोक माना वळवून बघायचे. काम वाढलं तशा आणखी दोन गाड्या घेतल्या, दोन माणसं ठेवली, आणि बल्लारपूरच्या नोकरीची रोजची ये-जा सोडून धाकटाही माझ्याकडे आला. जंगलातली गावं त्यानंच मागून घेतली. तो लहानपणी तुझ्यामागून ती वाट चालला होता ना, त्याला ती आपली वाटते.

मग एक दिवस कंपनीचे साहेब आले आणि म्हणाले, धूर कमी करायचा आहे. कार्बन, कार्बन असं ते सारखं म्हणत होते. मला हसूच आलं. मी म्हटलं, "साहेब, या जिल्ह्यात कोळशाचे ट्रक रांग लावून धावतात, आणि तुम्ही माझ्या तीन फटफट्यांचा धूर मोजता?" ते चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, प्रत्येकानं आपापल्या घरचा तरी मोजावा." मला आपला तलाव आठवला. ज्या तलावात तू भर उन्हाळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी असायचीस, तिथे आता चैत्रातच भेगा पडतात. ऊन असं तापतं की दुपारी गाडीच्या सीटवर हात ठेववत नाही. आणि जंगलातलं पाणी आटलं की ते पाणी पिणारेही गावाकडे येतात. तेव्हा साहेबांचं म्हणणं मला पटलं नाही असं नाही. पटलं, म्हणून तर अडकले.

आम्ही बॅटरीच्या दोन गाड्या घेतल्या. बाजारपेठेतल्या गल्ल्यांसाठी सायकल काढली. एकाच आळीतली पार्सलं चार वेळा हेलपाटे घालून देण्यापेक्षा एकदम द्यायला लागलो. बॅटरीच्या गाडीचं तर सगळ्यांना भारी कौतुक. धूर नाही, किक नाही, आवाज नाही. धाकट्यानं पहिल्याच दिवशी एक घेतली आणि नव्या नवऱ्यासारखा गावभर मिरवून आला.

मोहफुलं गळायच्या दिवसांत तो त्याच गाडीवर जंगलात गेला होता. नाल्यावरचा रपटा, तो बिनकठड्याचा ठेंगणा पूल, तुला आठवतो, जिथे रस्ता एकदम वळतो आणि झाडांची सावली खाली उतरते. त्या रपट्यावर ओल्या सिमेंटवर वाघीण बसली होती. मागे रायमुनियाच्या झुडपात पिल्लं. गाडीचा आवाजच नाही, त्यामुळे तिला कळलं नाही, आणि तिनं मान वळवली तेव्हा दोघांमध्ये आपल्या अंगणाएवढंच अंतर उरलं होतं. गाडी मागे घ्यायची सोय नाही. तो तसाच उभा राहिला. ती घशातल्या घशात गुरगुरली, मग उठली आणि पिल्लांना घेऊन गेली. आणि तुझा हा शहाणा पुढे जाऊन सगळी पार्सलं वाटून संध्याकाळी घरी आला.

"बाई, तिनं मले पाह्यलं, मी तिले पाह्यलं," तो मला सांगत होता, "दोघंबी सारखेच भेलो."

सांगताना तो हसत होता. गाडी मी दिली होती, माय. त्याच्या जुन्या फटफटीचा आवाज नाल्यापलीकडे जायचा, जनावर आधीच बाजूला व्हायचं. मी धूर काढून घेतला आणि धुराबरोबर तो आवाजही काढून घेतला.

त्या दिवसापासून मला तू दिसतेस. डोक्यावर मासळीची टोपली, वर ओलं फडकं, आणि मी तुझा पदर धरून मागे. भर जंगलात, जिथे चिटपाखरू गिऱ्हाईक नाही, तिथे तू गळा काढून ओरडायचीस, "मच्छी घ्या वोऽ, मरळ घ्या, झिंगे घ्या!" मला लाज वाटायची. एकदा मी विचारलं, "इथी कोन घेते मच्छी, माय? काऊन बोंबलून राह्यली?" तू चालता चालता म्हणालीस, "ज्याले आयकाचं हाये तो आयकून राह्यला. तू चाल." त्याच वर्षी तेंदूपानाला गेलेली तुझी मैत्रीण, जिला आम्ही काकू म्हणायचो, परत आली नाही. तिची चुंबळ तेवढी सापडली. तिसऱ्या दिवशी तू पुन्हा टोपली उचललीस. मी दारात आडवी झाले, रडले, म्हटलं तुला भीती नाही वाटत का. तू मला एक चापट दिलीस, आणि मग टोपली खाली ठेवून मला जवळ घेतलंस. "लागते ना भेव. भेव लागते म्हनूनच त मी घरी वापस येतो." मला तेव्हा यातलं काहीच कळलं नाही. चापट मात्र लक्षात राहिली.

रपट्यानंतर घरात रण माजलं. तुझी सून, जी तू कधी पाहिली नाहीस, ती एरवी माझ्यासमोर मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी दुकानात येऊन चारचौघांत म्हणाली, "तुमचा धूर कमी कराच्या नादात माह्यं कपाळ पांढरं होईन, बाई." मी गाडीला घुंगरू बांधायचा विचार केला, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावायचा विचार केला. फॉरेस्टच्या गार्डला विचारलं तर तो माझ्यावरच डाफरला. "पिल्लंवाली हाये ते. गाने लावले, हॉर्न वाजोले, का चिडते. काई करू नका." मग करू काय? "जाऊच नका असं म्हनत नाई मी. कमी जा. दिवसा जा. लोकं जाते तवा जा."

कमी जा. ते दोन शब्द घेऊन मी घरी आले आणि रात्रभर तुझाच विचार करत राहिले. तू रोज कुठे जायचीस? प्रत्येक गावाचा तुझा वार ठरलेला होता. दारोदार फिरतही नव्हतीस, एका ओळखीच्या बाईच्या पडवीत टोपली टेकवायचीस आणि सगळा गाव तिथे यायचा. येताना रिकामी कधी आली नाहीस, तांदूळ, मोहफुलं, वाळवलेली भाजी, काहीतरी डोक्यावर असायचंच. मी तेच केलं. जंगलातल्या गावांना रोजची फेरी बंद, फक्त गुरुवार. त्या दिवशी तिकडे बाजार असतो, रस्त्यावर पुढे-मागे माणसं असतात. प्रत्येक गावात एका किराणावाल्याकडे नाहीतर बचत गटाच्या बाईकडे सगळी पार्सलं उतरवायची, ज्याचं त्यानं घेऊन जायचं. परतताना बचत गटांच्या बांबूच्या टोपल्या आणायच्या. धाकटा तेवढ्यापुरता पुन्हा पेट्रोलच्या फटफटीवर गेला. लोकांनी कुरकुर केली. एका मास्तरांनी मोबाईलच्या कव्हरसाठी मला फोनवर अर्धा तास झापलं, "ऑनलाईन मागवलं म्हनजे काय बाजाराची वाट पाहाची?" मी म्हटलं, "हो सर, पाहाची." कंपनीही आधी वैतागली.

आणि मग गंमत बघ. काही महिन्यांनी साहेबांचा फोन आला की साऱ्या विभागात सर्वात जास्त धूर आमच्या दुकानानं कमी केला. फेऱ्याच इतक्या कमी झाल्या होत्या की पेट्रोल जळणार कुठून! ते कॅमेरा घेऊन आले. मी नवी साडी नेसले. "ताई, ही कल्पना कशी सुचली?" असं त्यांनी विचारलं आणि मी पाठ केल्यासारखं बोलले की पर्यावरण जपलं पाहिजे, पुढच्या पिढीचा विचार केला पाहिजे. कॅमेऱ्याच्या मागे उभा राहून धाकटा तोंडावर रुमाल धरून हसत होता. भीती हा शब्द मी उच्चारला नाही. एका वाघिणीनं आणि एका सुनेनं मिळून हे करवून घेतलं, हे कुणाला सांगणार?

कौतुक झालं की मागणं वाढतं. साहेब म्हणाले, आता एवढी एक पेट्रोलची गाडी राहिली, ती काढली की तुमचं दुकान संपूर्ण बिनधुराचं. बाकीच्या दुकानांना दाखवता येईल. मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. पण धाकटाच म्हणाला, "मले बॅटरीचीच दे." मी म्हटलं, डोकं फिरलं का तुझं. तर म्हणाला, "आयक त. फटफटीवर मले काईच आयकू येत नाई. बॅटरीवर माकडं आयकू येते, चितळ आयकू येते. त्या दिवशी माकडं खेकसून राह्यले होते, म्हनून त मी वळणावर गाडी हळू केली. फटफटी असती त सुसाट जाऊन तिच्या पिल्लावर चढलो असतो." हे त्यानं मला आजवर सांगितलंच नव्हतं. आता खरं काय समजायचं? आवाज केला की जीव वाचतो, की आवाज नसला की वाचतो? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी तुझ्या सुनेकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली. "आता तेच म्हनते त जाऊ द्या," एवढंच ती बोलली. मी कंपनीला हो कळवलं.

पोळ्यापासून तो बॅटरीवर जातो. आता धान उभं आहे, पिवळं पडत चाललं आहे, त्यात कोण बसलं आहे ते पिकाच्या मालकालाही दिसत नाही. जंगलात मोबाईलला रेंज नसते. पूर्वी तो परत यायचा तेव्हा गाव सुरू होण्याआधीच फटफटीचा आवाज यायचा, माझ्या जिवात जीव यायचा, मी चहाचं आधण ठेवायची. आता तो दारात येऊन उभा राहीपर्यंत मला काही कळत नाही. दुपार उलटली की मी पाणी प्यायला आत जाते आणि घोट घेताच बाहेर येते. समोरच्या झाडाखाली दुसऱ्याच कुणाची गाडी थांबली तरी मी उठून उभी राहते. तुझी सून आज दोनदा काहीतरी निमित्त काढून दुकानात येऊन गेली. आम्ही एकमेकींशी मिठाबद्दल बोललो.

हे पत्र कुठे जायचं नाही, तो आला की मी ते चुलीत घालीन. तेव्हा एक गोष्ट तुला सांगून टाकते, जी धाकट्यालाही माहीत नाही. मी कंपनीला सांगितलं की जुनी मोटरसायकल विकली. विकली नाही. घराच्या मागे ताडपत्रीखाली उभी आहे, टाकी भरलेली आहे. तो आला नाही तर त्याला शोधायला जायला मला गाडी हवी, आणि ती ऐन वेळी अडून बसायला नको. म्हणून दर गुरुवारी तो वळणापलीकडे गेला की मी ताडपत्री काढते, साडी खोचते, किक मारते आणि ती नीट सुरू होते की नाही ते बघते. आजही बघितलं. थोडा धूर होतो, माय. तो मी कुणाला मोजू देत नाही.