डुक्कर फियाट, बॉनेट वगळून

मी, प्रेमदास मोहनसिंग राठोड, वय एकसष्ट, एस.टी.चा निवृत्त चालक, सध्या धंदा शेती, राहणार पुसेगावजवळचा तांडा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली (आमच्या वेळेस परभणी), हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणतेही नशापाणी न करता, भर दुपारी माझ्याच ओट्यावर बसून लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही असे लिहिण्याची पद्धत आहे. माझ्यावर दाब आहे. तो माझी पत्नी निर्मलाबाई हिचा आहे आणि तो मला कबूल आहे. डोके ठिकाणावर असल्याचा हिंगोलीच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दवाखान्याबाहेर उभी असलेली माझी गाडी त्यांनी पाहिली नव्हती, ही नागनाथाची कृपा.

मला काही आजार नाही. हे मृत्युपत्र त्या गाडीपायी लिहावे लागत आहे, म्हणून आधी तिचे सांगतो. वकील असता तर त्याने आधी घर-शेती घेतली असती, पण वकील लावलेला नाही.

गाडी म्हणजे फियाट, जिला सगळा मुलूख डुक्कर फियाट म्हणतो. पाठ गोल, तोंड पुढे, डोळे बटबटीत. हिंगोलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याची ती गाडी पुसेगावच्या शिवारात बंद पडली आणि तो ती तिथेच टाकून गेला. ते शेत माझा दोस्त नामाजी याचे. नामाजी शेळ्यामेंढ्या पाळतो. त्याने गाडीत करडे कोंडायला सुरुवात केली. सन १९९२ साली मी तिथून जात होतो, तर ड्रायव्हरच्या सीटवर एक करडू बसलेले आणि काचेतून माझ्याकडे बघून राहिलेले. मी जन्मभर लाल गाडी चालवली, पण रोज डेपोत चावी देऊन पायीच घरी आलो. ते करडू माझ्या जागेवर बसलेले पाहिले आणि माझे डोके फिरले. दुभती म्हैस देऊन मी ती गाडी घेतली.

बैल लावून ओढून आणली तेव्हा कळले की बॉनेट नाही. नामाजीने ते उलटे करून शेळ्यांना पाणी पाजायची डोणी केली होती. मी मागायला गेलो. त्याने बिडी विझवली आणि म्हणाला, "सौदा गाडीचा झाला. डोणीचा झाला नव्हता."

मी पत्र्याची टाकी देतो म्हणालो, दगडी डोणी देतो म्हणालो. त्याचे एकच, की शेळ्या दुसऱ्या कशाला तोंड लावत न्हाईत. अकरा वर्षे झाली. माझी म्हैस त्याच्या दावणीला आणि माझे बॉनेटही त्याच्याच दावणीला. या माणसाच्या मुलीच्या लग्नात मी पंगत वाढली आहे, हे वारसांनी ध्यानात ठेवावे.

बाकी गाडी मी अशी केली की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. इंजिन उतरवून, उघडून, परत बांधले. डायनामो काढून अल्टरनेटर बसवला. ब्रेक नवे घातले, कारण जुने ब्रेक म्हणजे नुसती विनंती होती. रंग पिस्त्याचा दिला. हॉर्न तेवढा मूळचाच ठेवला. तो रेडकू हंबरल्यासारखा वाजतो आणि मला फार आवडतो.

सन १९९६ साली निर्मलाबाईला शेजारी बसवून मी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघालो. बॉनेटच्या जागी तेलाच्या डब्यांचा पत्रा ठोकून बांधला होता. तो औंढ्याच्या अलीकडेच उडाला. मी म्हटले, जाऊ दे. देवळापुढच्या दुकानांपाशी आलो आणि रेडिएटरचे झाकण उडाले. गंजाचे पिवळे पाणी उंच गेले आणि वाऱ्याने थेट हिच्या नव्या लुगड्यावर आले. नशीब, वरून येता येता ते निवले होते. हार-फुलेवाले हसून हसून आडवे झाले. एक म्हणाला, काकूला परत हळद लागली. ही खाली उतरली, पदर पिळला, आणि आमच्या बोलीत जे बोलली ते सरकारला कळावे म्हणून मराठीत लिहितो: "या गाडीला बॉनेट लागल्याबिगर आन् तुमी मृत्युपत्र लिहिल्याबिगर मी हिच्यात पाय ठेवणार न्हाई. तुमी मरसाल आन् लेकरांची भांडणं मी निस्तरत बसू काय?"

एकटीने दर्शन घेतले आणि एस.टी.ने परत आली. तेव्हापासून आमचा प्रवास असा: ही बसमध्ये मागच्या बाकावर, मी बसच्या मागे फियाटमध्ये. ही काचेतून हात करते, मी हॉर्न वाजवतो. कंडक्टर लोक मला ओळखतात, म्हणून कोणी काही बोलत नाही. पण खरे सांगतो, शेजारची सीट रिकामी असली की गाडीत मजा नाही. तिला शेजारी बसवून एकदा औंढ्याला जायचे, एवढी एकच इच्छा माझी उरली आहे.

आणि बाईची गंमत बघा. बसणार नाही म्हणते आणि त्याच सीटांची गादी-कव्हरे तिने दोन वर्षे बसून शिवली. आमच्या तांड्याचे भरतकाम, कवड्या, बिलोरी आरसे, सगळे. लदेणीच्या, म्हणजे पाठीवर माल वाहणाऱ्या बैलाची झूलसुद्धा एवढी नटत नसेल. मात्र गाडीत आरसे लावायचे नसतात हे तिलाही सुचले नाही, मलाही नाही. दुपारच्या उन्हात पन्नास सूर्य डोळ्यांत घुसतात. मी काळा चष्मा लावून चालवतो, पण आरसा एकही काढू दिला नाही.

आता वाटणी.

राहते घर आणि पोस्टातली शिल्लक निर्मलाबाईची. त्यात कोणी तोंड घालू नये.

शेती मुलगा सेवा आणि मुलगी सुनिता यांना बराबर निम्मी. सुनिता सासरी आहे, तिला काहून पाहिजे, असे तांड्यात कोणी म्हणालेच, तर त्याने आधी ही गाडी उताराशिवाय ढकलून दाखवावी. सुनिताने ती सहा महिन्यांची गरोदर असेपर्यंत ढकलली आहे. पाने, जॅक, ग्रीसगन, सगळी हत्यारेही तिचीच.

सेवाला वरून हवा भरायचा पायपंप देतो. चाकात हवा भरायची म्हटले की हा पोरगा तांड्यात सापडत नसे. शिवाय फियाटला जीपचे इंजिन टाकून काळीपिवळी करू, सीटा भरू, असे तो दोनदा बोलला. पोरगं चांगलं आहे, पण हे बोलणे मी विसरलेलो नाही.

डुक्कर फियाट, बॉनेट वगळून, निर्मलाबाईला. तिच्यानंतर सुनिताला. ती विकू नये, झाकून ठेवू नये, चालवावी. बॉनेटवरचा माझा हक्क मी सोडलेला नाही. तो सर्व वारसांना मिळून देतो. त्यांनी आणि त्यांच्या लेकरांनी नामाजीच्या दारात जाऊन ते मागत राहावे.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असे मला सांगण्यात आले. म्हणून पहिला साक्षीदार मुद्दाम नामाजीच नेमला आहे.

येथपर्यंत लिहून झाले तोच नामाजी आला. पुढचे आता घडले तसे लिहितो, कारण थांबलो तर जमणार नाही.

त्याच्या डोक्यावर बॉनेट होते. घासून लख्ख केलेले. त्याने ते ओट्यावर टेकवले आणि खाली बसला. मी विचारले, शेळ्यांचे काय. तो म्हणाला, "तुझ्या बायकोनं आन् माझ्या घरवालीनं, अनुसयानं मिळून सिमेंटची डोणी केली. हेच बॉनेट मातीत दाबून साचा काढला, तेच वाकण, तोच काठ. मी म्हणलं, शेळ्या तोंड लावणार न्हाईत. आज सकाळी समद्या प्यायल्या. आता मी कोणत्या तोंडानं ठेवू?"

मी मागे बसलेल्या निर्मलाबाईकडे पाहायला वळलो, तर ती ओट्यावर नव्हती.

दुसरा साक्षीदार जळबा, जो आमच्या गाडीचे पंक्चर काढतो, त्याने आणि नामाजीने बॉनेट बसवले. ते बिजागरीत बराबर बसले. वरील कलमात "बॉनेट वगळून" हे शब्द खोडून "बॉनेटसह" असे वाचावे. खोडाखोडीवर माझी सही आहे.

आणखीही काही लिहायचे होते, विहिरीच्या मोटारीचे. पण अंगणात रेडकू हंबरून राहिले आहे, आणि आमच्याकडे रेडकू नाही. ती शेजारच्या सीटवर बसली आहे आणि हात लांबवून हॉर्न दाबत आहे. विहिरीचे तुम्ही आपसात पाहा.

वाचून पाहिले नाही, पण सगळे खरे आहे.

लिहून ठेवणार: प्रेमदास मोहनसिंग राठोड (सही उभ्याने केली आहे)

साक्षीदार:
१. नामाजी पोले, पुसेगाव. औंढ्यापर्यंत मागच्या सीटवर बसायला मिळेल या बोलीवर. मृत्युपत्रातून काही घेतलेले नाही.
२. जळबा खंदारे, पुसेगाव. समक्ष पाहिले. बाईने अजून हॉर्न सोडलेला नाही.

ठिकाण: तांडा, पुसेगाव शिवार
दिनांक: ९ नोव्हेंबर २००३