एफ ट्यूबा आणि मागचा ट्रक

आष्टा,
ता. २० मार्च

आदरणीय धोंडिराममामांना,

भाचा राजरत्न याचा सप्रेम जय भीम. भामामामीलाही सांगावा. नवा गुडघा काय म्हणतो? ऑपरेशनला सहा महिने झाले तरी तुम्ही औंधच्या बाजारापर्यंतसुद्धा जात नाही, असं कळलं. लष्करी बँडात बावीस वर्षं ट्यूबाचं पितळी धूड अंगावर घेऊन फुंकत चाललेला माणूस घरात बसून टीव्हीवरच्या बँडच्या चुका काढतो, याचं फार वाईट वाटलं. (त्या बँडवाल्यांचंही वाटलं.)

तर मामा, आमच्या जुन्या ट्यूबाला वरातीतल्या घोड्यानं लाथ घातली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. चौदा एप्रिलची मिरवणूक तोंडावर आली आणि आमच्या बँडला खालचा आवाजच नाही. तुम्ही फोनवर हुकूम सोडलात, “एफचाच घे. हलका, गोड, पळता. मला मातुर बोलवू नगंस, मी आता फुकणार न्हाई.” म्हणून मी, आपला ट्यूबावाला पप्पू आणि झांजवाला भाऊसो असे तिघं शिरवळला गेलो. तिथे एका व्यापाऱ्याकडे परदेशातून आलेली वापरलेली वाद्यं मिळतात. एफ पट्टीचे दोन ट्यूबा होते. एक चांदीसारखा चकचकीत, भलं मोठं तोंड. दुसऱ्याचा मुलामा उडालेला, तोंडही लहान.

भाऊसो आल्या आल्या वितीनं तोंडं मोजायला लागला. का, तर बँडचं नाव, गाव आणि मोबाईल नंबर मावला पाहिजे! (मागच्या वेळी नंबरातला शेवटचा आकडा मावला नव्हता आणि वर्षभर आमच्या सुपाऱ्या कुणाला गेल्या, देव जाणे.) चांदीवाल्यावर सगळं मावत होतं. मग तो बैल पारखतात तसा दोन्ही ट्यूबांभोवती फिरला, बोटांखालचे पडदे दाबून बघितले, पप्पूला ते अंगावर घेऊन गेटपर्यंत चालवून आणलं. चालायला दोन्ही चांगले होते. घोटाळा झाला वाजवताना. पप्पू एक सूर धरायचा आणि निघायचा भलताच. दोन्हींचं तेच. भाऊसोनं व्यापाऱ्याला तोंडावर सांगितलं, “आवं, तुमचं दोनीबी खोटं हाय.” व्यापारी नुसता हसला आणि चहा सांगितला.

तेवढ्यात तुमचा त्या दिवसातला चौथा फोन आला. मागे पप्पूचं चालूच होतं. तुम्ही म्हणालात, “रं, मागं ट्रक हॉर्न मारतोय, कडंला हो.” मला इतकी लाज वाटली की मी नुसतं व्हय म्हणालो. पप्पूनं पहिला सोडून दुसरा घेतला. तुम्ही तिकडे टीव्ही बंद केलात. मग म्हणालात, “पयला ट्रक खालच्या सुराला गेला की फाटत हुता. ह्यो दुसरा बघ, कसा भरून येतोय. लय सुरात हाय.” आणि गुडघ्याबद्दल एक अक्षर न बोलता फोन ठेवलात.

मामा, तो दुसरा ट्रक मी घेतला. तोच मुलामा उडालेला. माफ करा, पण तुमच्या कानापुढे आमची वीत आणि चाल कुठे टिकणार?

बाकी सर्व ठीक. आमच्या पायलचे बारावीचे शेवटचे पेपर चालले आहेत. गुडघ्याला जपा.

तुमचाच,
राजरत्न

ता. क. पप्पू आठ दिवस झटला. कुठल्या सुराला कुठला पडदा दाबायचा, ती एफची बोटंच जुन्या ट्यूबाहून वेगळी असतात, हे आम्हाला आता कळलं. आष्ट्यापासून सांगलीपर्यंत विचारलं, ती कुणालाच येत नाहीत. तुम्हाला येतात. तरी “एफचाच घे” म्हणालात. हा भोळेपणा होता की फौजी डाव, ते समोरासमोर विचारीन.

आणखी एक. मिरवणुकीच्या ट्रॉलीत खुर्ची घट्ट बांधली आहे. तिचे हात कापून टाकलेत, ट्यूबा मांडीवर घेताना आडवे येतात म्हणून. (मी सात वर्षांचा असताना तुम्हीच सांगितलं होतं.) तेव्हा गुडघ्याचं कारण चालणार नाही. शिवाय मामीचा फोन आला होता. शिरवळच्या त्या दिवसापासून तुम्ही मोरीचं दार लावून ट्यूबावर फुंकावं तसे ओठ फुरफुरवता म्हणे. “म्हस बांधल्यागत वाटतंय, एकदाचं घिऊन जा,” असं ती म्हणाली. रविवारी गाडी घेऊन येतो.

शेवटचं. लहान तोंडावर बँडचं नाव काही मावेना. भाऊसोनं मावलं तेवढं रंगवलं: ‘धोंडिराममामा’. रंग पक्का आहे, आता निघत नाही.