एका विम्यात दोन आया

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. मुलांना आशीर्वाद, भावोजींना नमस्कार. त्यांची दाढ काढली की अजून नुसतीच सगळ्यांना दाखवतायत? (दुखत असली तरी राहू दे म्हणावं. जुन्या भाडेकरूसारखी सवय होते.) आम्ही सगळे इथे सुखरूप आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुला ठाऊकच आहे, मी गाद्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. (भावोजी म्हणतात तसा झोपण्याचा पगार घेत नाही. गादीवर बसतो, उठतो, स्प्रिंग कुरकुरली तर शिक्का मारत नाही.) तर गेल्या महिन्यात मालकांनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. ते हसत हसत आत आले तेव्हाच आम्ही ओळखलं की यंदा काही खरं नाही, कारण पगारवाढीच्या वर्षी ते कपाळाला आठ्या घालून येतात. म्हणाले, आरोग्य विम्याचा हप्ता पुन्हा चढलाय, कंपनीचं कंबरडं मोडायची वेळ आलीय. (आमच्या कंबरेचं दुखणं विम्यात बसत नाही, ते मागच्याच वर्षी काढून टाकलं.) तेव्हा इथून पुढे आमच्या पगारातून जास्त कापणार, आणि आजवर घरातली सगळी वडीलधारी माणसं विम्यात असायची, आता एकच. महिनाअखेरपर्यंत नाव कळवा. मग चहा झाला. तोही अर्धा कपच.

आता आमच्या घरात वडीलधाऱ्या दोन. एक आपली आई आणि दुसऱ्या माझ्या सासूबाई. दोघी एका खोलीत, दोन खाटा आणि मध्ये एक रेडिओ. तुझी भावजय आणि मी आठवडाभर या विषयावर एकमेकांशी फार गोड बोललो. ती म्हणायची, तुमच्या आईंचं नाव घाला. मी म्हणायचो, छे, तुझ्या आईचं. संसारात इतकं सौजन्य आलेलं पाहून मला धडकीच भरली. शेवटी जेवताना आमच्या धाकटीने बिंग फोडलं. म्हणाली, “आजी, तुमच्यापैकी एकीलाच आजारी पडता येणार आहे.”

झालं! मला वाटलं होतं, दोघी आपापलं दुखणं पुढे करतील. तर उलटंच. आई म्हणाली, “विहीणबाईंचं नाव घाल, त्यांचे गुडघे बघ. मला काय धाड भरलीय?” सासूबाई म्हणाल्या, “छे हो, रक्तदाब त्यांना आहे. मी ठणठणीत.” आणि बोलून थांबतील तर त्या आपल्या आया कसल्या! आई लिफ्ट सोडून जिन्याने वर यायला लागली, आणि धाप लागलेली दिसू नये म्हणून दारातच उभी राहून शेजारणीच्या कुंड्यांचं कौतुक करायची. (शेजारीण इतकी खूश झाली की एक कुंडी आमच्या गळ्यात पडली.) सासूबाई जमिनीवर मांडी घालून बसायला लागल्या. बसायच्या झोकात, पण उठायची वेळ आली की ‘इथे काय छान वारा लागतो’ म्हणत तासभर तिथेच.

हे हसण्यावारी गेलं असतं, पण आईने आणखी एक पराक्रम केला. रक्तदाबाच्या गोळ्याच बंद केल्या. निरोगी माणूस गोळ्या कशाला खाईल, असा तिचा हिशेब. शनिवारी सकाळी ओट्याशी उभी होती ती एकदम कोसळली. सासूबाईंनी सावरलं म्हणून डोकं आपटलं नाही, पण तिला सावरताना त्यांचा गुडघा असा काही मुरगळला की दोघी एकमेकींना धरून जमिनीवर, आणि मी दारात. आईचा चेहरा पांढराफटक, आणि तोंडातून पहिला शब्द काय, तर “मला काही झालं नाही, आधी त्यांना उचल.” तिकडून सासूबाई म्हणतात, “मी मुद्दाम बसलेय.”

डॉक्टरांनी दोघींना एकाच बाकावर बसवून झापलं. आईच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आता ती बरी आहे, जिवाला घोर लावून घेऊ नकोस. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन मात्र यंदाच करावं लागेल म्हणाले. हे ऐकून सासूबाईंचा चेहरा पडला, आणि आपल्या आईचा, काय सांगू, निवडणूक जिंकल्यासारखा उजळला.

सोमवारी मी कारखान्यात गाद्यांवर उठबस करत होतो, तर निरोप आला, ऑफिसात तुमच्या आई आल्यात. मी विचारलं, कुठल्या? तर म्हणे, दोघी. आई विम्याचं काम बघणाऱ्या बाईंकडे सासूबाईंचं नाव घालायला आली होती आणि सासूबाई लंगडत, काठी टेकत तिला अडवायला. या बाई महाकडक. आमचा रजेचा अर्ज त्या नाक मुरडून दोन बोटांत धरतात. पण यांचं भांडण ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यांनी स्वतःच्या आईचं नाव ठेवून वडिलांचं काढलं होतं, आणि वडिलांना अजून सांगितलं नव्हतं. मग काय, कामकाज बंद. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवतेय, सासूबाई पाणी पाजतायत. मालक दारातून डोकावले आणि आल्या पावली परत गेले. आई त्या बाईंना म्हणाली, “सांगून टाक गं त्यांना. म्हाताऱ्या माणसाला दुखण्यापेक्षा लपवालपवीचा त्रास जास्त होतो.” (गोळ्या टाळणारी बाई हे सांगत होती!)

तर शेवटी नाव सासूबाईंचं लागलं. नियम बदलला नाही, मालकही बदलले नाहीत. घरी आल्यावर सासूबाई खाली जिन्याशीच आईचा हात धरून म्हणाल्या, “आजपासून लिफ्टने यायचं. नाहीतर मी ऑपरेशनला जायची नाही.” आणि आपली आई, जिने जन्मात कुणाचं ऐकलं नाही, ती निमूट लिफ्टमध्ये शिरली.

असो. हे सगळं आपलं सहज कळवलं. तुझ्याकडून काही हवंय म्हणून नव्हे.

तुझा लाडका (दुसरा नसल्यामुळे)
भाऊ

ता. क. सहज नाही कळवलं. तुझ्या ऑफिसात अजून आईला विम्यात घेता येतं ना? घेशील का? वाढीव हप्त्यातला वाटा मी उचलेन. फोनवर विचारायचा धीर झाला नाही, कारण हो म्हणालीस तर मी रडलो असतो आणि नाही म्हणालीस तर तू. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. पाकीट नीट चिकटवतो आहे.

आणखी ता. क. बाळा, आईचे अनेक आशीर्वाद. पाकीट वाफेवर लगेच सुटलं. तुझा भाऊ लहानपणापासून तिखटमीठ लावून सांगतो. मी पडले नव्हते, बसले होते. तुमच्याकडेही यंदापासून एकच नाव चालणार, असं परवा जावई फोनवर म्हणत होते. तर तुझ्या सासूबाईंचं घाल. त्यांना दमा आहे. मला काही झालेलं नाही. आणि त्यांना विचारत बसू नकोस, त्या नको म्हणतील. आमच्या वयाच्या बायका फार हट्टी असतात.