कोठारातला गोड वास

लिमोज, मंगळवार

प्रिय बाबा,

मी खुशाल आहे. कोठारात भाजलेल्या साखरेसारखा वास दरवळतो, असे आईने कौतुकाने लिहिले. वाळल्या गवताला असा वास कुठून, हे कोडे तुम्हालाही पडले असेल. तो तापल्या गवताचा वास आहे: ओलसर गवत रचले की ते आतल्या आत तापते आणि ठिणगीवाचूनही पेटू शकते.

"बाप्तिस्त, तुझं गवत काय नाताळाला येणार?" असे फिर्मँकाकांनी डिवचले, म्हणूनच जत्रेआधी गवत पुरते वाळण्याआधीच भरायची घाई केलीत ना? "पुस्तकं वाचून गवत वाळत नाही, पोरी," असे तुम्ही म्हणाल. पण तुम्ही दोघे कोठारावरच्या खोलीत, त्याच गवताच्या माथ्यावर झोपता.

आजच लोखंडी सळई गंजीत खोल खुपसा. अर्ध्या तासाने काढा. मुठीत धरवली नाही, तर गंजी न उपसता, कारण हवा लागताच ती भडकेल, आईसह बाहेर पडा आणि बंब बोलवा. धरवली, तर मला पोटभर हसा.

त्या हसण्याची वाट पाहणारी,
ओदील